तीस फेऱ्या आणि नव्वद मिलीसेकंद

९० मिलीसेकंद म्हणजे किती, सांगा बघू? बॉसचा मेल वाचून तोंड वाकडं करायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये लुसानच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये पंचाहत्तर वर्षांच्या एका पेशंटच्या कातडीवरच्या कॅन्सरच्या गाठीला एवढ्या वेळात रेडिएशनचा अख्खा डोस देऊन झाला. १५ ग्रे. (दुधाला लिटर, तसं रेडिएशनला ग्रे.) गाठ विरली, आजूबाजूची कातडी थोडीफार लाल झाली, बस्स. या प्रकाराला फ्लॅश रेडिओथेरपी म्हणतात आणि माणसावर ती वापरण्याची ही पहिलीच वेळ होती.

हे वाचलं आणि मला आत्या आठवली. २०१९ साली तिच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. गावाकडे असताना लावलेली मिश्रीची सवय, दुसरं काय. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, एकूण तीस फेऱ्या, ६० ग्रे. मी तेव्हा मासकॉमच्या शेवटच्या वर्षाला. घरात बाकी सगळ्यांना ऑफिसं, त्यामुळे सोबत जायची ड्युटी माझी. आत्या त्याला 'शेक' म्हणायची. "चल गं, शेक घेऊन येऊ." जाळीचा एक प्लास्टिकचा मुखवटा तिच्या चेहऱ्यावर बसवून टेबलाला पक्का अडकवायचे, म्हणजे मान जराही हलू नये. मशीन चालायचं काही मिनिटं. त्यासाठी आमची अख्खी सकाळ जायची.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. चौथ्यात साधं पाणीही झोंबायला लागलं. हे सगळं बरं होतं म्हणतात आणि झालंही. आजपर्यंत कॅन्सर परत आलेला नाही. पण लाळ परत आली नाही. भाकरीच्या प्रत्येक घासामागे एक घोट पाणी लागतं, रात्री जीभ टाळ्याला चिकटते म्हणून उशाशी बाटली असते. आत्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "गाठ गेली गं, पण जाताना तोंडातलं पाणी घेऊन गेली."

रेडिएशनवर जगभर जे संशोधन चाललंय ना, ते बरंचसं आत्याच्या या एका वाक्याभोवती फिरतंय. गाठ जाळायची कशी, हे डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहितीय. शेजारपाजार वाचवायचा कसा, खरी मारामारी तिथे आहे.

नेहमीच्या मशीनमधले एक्स-रे म्हणजे गर्दीच्या डब्यात या दारातून त्या दारापर्यंत सगळ्यांना कोपर मारत जाणारा माणूस. गाठीपर्यंत जाताना वाटेतल्यांना लागतं आणि पलीकडे निघताना तिथल्यांनाही. प्रोटॉनचं तसं नाही. तो वाटेत कमी धक्के देतो, आपलं स्टेशन आलं की सगळा जोर तिथेच काढतो आणि थांबतो. पलीकडे जवळपास काहीच जात नाही. हा गुण कॅन्सरसाठी वापरा, असं १९४६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन फिजिसिस्टने एका मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. वय फक्त बत्तीस! आणि त्याआधीची नोकरी कुठली? लॉस अलामोसला, अणुबाँबच्या प्रोजेक्टवर. त्याचा लेख आल्यावर आठ वर्षांनी, १९५४ मध्ये बर्कलीला पहिल्या पेशंटला प्रोटॉन दिले गेले. पण खास हॉस्पिटलसाठी उभारलेलं पहिलं सेंटर यायला १९९० उजाडलं, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाला. कारण सोपं आहे. प्रोटॉनला प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळवणारं यंत्र क्लिनिकच्या गाळ्यात मावत नाही. पेशंटभोवती फिरणारा त्याचा सांगाडाच काही मजली उंच असतो.

आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईच्या अपोलोत प्रोटॉन सुरू झालं, म्हणजे आत्याच्या आजारपणाच्याच वर्षी. खर्चाचा आकडा ऐकून आमच्या घरात तो विषय दुसऱ्यांदा निघाला नाही. २०२३ पासून मात्र नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्येही ही सोय आहे. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतं, तेव्हा विल्सनची गोष्ट अणूपासून निघून अणूपाशीच आली म्हणायची.

पण थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका. प्रोटॉन महाग आहे म्हणून सगळीकडे सरस आहे असं नाही. लहान मुलांच्या मेंदू-मणक्याच्या गाठी, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठी, डोळ्यातल्या गाठी, इथे त्याचं मोल मोठं आहे, कारण वाढत्या मेंदूला लागलेला धक्का त्या मुलाला आयुष्यभर पुरतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये मात्र २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या तुलनेचे निकाल आले. प्रोटॉन घेतलेले आणि आधुनिक एक्स-रे घेतलेले पेशंट, दोघांच्या त्रासात फरक दिसला नाही. ब्रँडेड म्हणून घेतलेला शर्ट आणि फॅशन स्ट्रीटचा शर्ट, दोन्ही सारखेच टिकले!

आता परत फ्लॅशकडे. एवढ्या झटक्यात डोस दिला तर पेशी वेगळ्या वागतात, हे १९५९ सालीच ड्यूई आणि बोग या दोघांना बॅक्टेरियात दिसलं होतं. नंतर अधूनमधून कुणी उंदरांवर वगैरे पाहिलं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही. मग २०१४ मध्ये फ्रान्सच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये फावोदों, वोझनां आणि त्यांच्या टीमने उंदरांच्या छातीवर प्रयोग केले. नेहमीच्या संथ गतीने १७ ग्रे दिले तर फुप्फुसं निबर व्हायची. तेवढेच ग्रे सेकंदाला ४० हून जास्त अशा वेगाने दिले तर फुप्फुसं शाबूत. आणि गाठींना दोन्हीकडे सारखाच मार! असं का होतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ऑक्सिजन क्षणात संपतो म्हणून, असं आधी वाटत होतं. पण मोजमाप केलं तेव्हा तेवढ्याने हिशेब जुळला नाही.

लुसानला वापरले ते इलेक्ट्रॉन. ते कातडीच्या फार खाली जात नाहीत. खोलवर जायचं तर प्रोटॉन हवेत. म्हणून अमेरिकेत सिनसिनाटीला २०२० मध्ये प्रोटॉन आणि फ्लॅशची गाठ घालून दिली. हातापायांच्या हाडांत पसरलेल्या कॅन्सरने दुखणारे दहा पेशंट, प्रत्येक दुखऱ्या जागी एकदाच ८ ग्रे. २०२२ मध्ये निकाल आला. बारापैकी आठ जागांचं दुखणं कमी झालं, म्हणजे नेहमीच्या रेडिएशनइतकंच. गंमत अशी, की एवढ्या वेगात प्रोटॉनला नेमक्या खोलीवर थांबवणं जमेना, म्हणून त्याला सरळ आरपार जाऊ दिलं. ज्या गुणासाठी लग्न जमवलं, तोच घरी ठेवून यायचा!

दुसरीकडे, नाकाच्या कॅन्सरच्या मांजरांवर एका झटक्यात ३० ग्रे देऊन पाहिले होते. काही महिन्यांनी त्यातल्या काहींच्या वरच्या जबड्याचं हाड मेलं आणि ती चाचणी थांबवावी लागली. लुसानच्या त्या पेशंटच्याही दोन वेगळ्या गाठींपैकी एकीला नंतर फ्लॅश आणि दुसरीला नेहमीचं रेडिएशन दिलं, तर दोन्ही जागा सारख्याच बऱ्या झाल्या. मला तरी या दोन बातम्या पहिल्या बातमीपेक्षा जास्त आश्वासक वाटतात. लोक छापतायत, लपवत नाहीयेत.

आता सर्न, हो, तेच जमिनीखाली कणांच्या टकरी घडवणारं सर्न, लुसानच्या हॉस्पिटलसोबत खोलवर जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या फ्लॅश मशीनवर काम करतंय.

परवा आत्याला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, बाटलीतला एक घोट घेतला आणि विचारलं, "मग त्या उंदरांची लाळ राहिली का?"

मी म्हटलं, "आत्या, ते छातीचं होतं. तोंडाचं अजून चाललंय."