जुन्या खांबी ड्रिलाचा जीर्णोद्धार

ओझर हें बाणगंगेच्या कांठचें गांव. द्राक्षांचे मळे आणि विमानांचा कारखाना या दोन गोष्टींनीं तें आज सर्वत्र ओळखलें जातें. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा येथील कारखाना १९६४ सालचा. मिग-२१ जातीचीं विमानें येथें बनलीं, उडालीं, आणि २०२५ सालीं वायुदलांतून निवृत्तही झालीं. तीं बनविणारे कित्येक कारागीर त्यांच्याही आधीं निवृत्त झाले. परंतु त्यांचे हात निवृत्त झाले नाहींत. सायंकाळीं या वस्तींतून फिरावयास निघालें तर कोठें तरी पडवींत कानशीचा आवाज ऐकूं येतोच. अशा गांवीं राहून आपल्या घरीं लोखंडांत सरळ भोंक पाडण्याचें साधन नसावें, ही उणीव आम्हांस पुष्कळ दिवस बोंचत होती.

लांकडास भोंक पाडणें सोपें. आमच्या सुतारांचा सामता आणि गिरमिट यांनीं पिढ्यान्‌पिढ्या तें काम केलें आहे. पण लोखंडाची गोष्ट निराळी. हातांतील विजेचें ड्रिल कितीही घट्ट धरलें तरी मनगट किंचित् कलतेंच, आणि पट्टीच्या एका बाजूस बरोबर असलेलें भोंक दुसऱ्या बाजूस भलतीकडे निघतें. खांबी ड्रिलांत हा दोष राहत नाहीं. खांब, टेबल आणि फिरता दांडा यांचें परस्परांशीं असलेलें नातें यंत्र बनवितांनाच ठरून गेलेलें असतें. माणसानें फक्त दांडी खालीं ओढावयाची.

नव्या यंत्राची किंमत आमच्या आटोक्याबाहेरची होती. तेवढ्यांत नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील एक छोटा कारखाना बंद होऊन त्यांतील सामान भंगाराच्या दुकानीं आल्याचें समजलें. आम्ही गेलों तेव्हां तें यंत्र पत्र्यांच्या ढिगांत आडवें पडलें होतें. १३ मिलिमीटरपर्यंतचें भोंक पाडणारें, वजनानें सुमारें ७५ किलो, म्हणजे जुन्या मापानें दोन मण. रंगाचे पोपडे निघालेले, खांबावर तांबूस गंज, पट्ट्यावरचें झांकण नाहींसें झालेलें. दुकानदार म्हणाला, “साहेब, आज नेलें तर यंत्र, उद्यां नेलें तर बीड.” त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दुसऱ्या दिवशीं घण घालून त्याचे तुकडे व्हावयाचे होते आणि ते भट्टीकडे जावयाचे होते. आम्हीं तें लोखंडाच्या भावानें घेतलें.

घरीं स्वागत बेताचेंच झालें. जेथें सायकली कशाबशा मावतात तेथें हें धूड कोठें ठेवणार, हा मंडळींचा प्रश्न रास्त होता, आणि त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. शेजारीं विमानाच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. मुलें त्यांस काका म्हणतात. त्यांनीं यंत्राभोंवतीं एक फेरी मारली व सांगितलें, “आधीं स्पिंडल बघा. तो वांकला असेल, तर बाकीच्यावर घासलेट वायां घालवूं नका.” सल्ला उत्तम होता, पण तो अमलांत आणणें शक्य नव्हतें. ज्या नळकांड्यांत स्पिंडल फिरतो तें गंजानें डोक्यांत असें धरून बसलें होतें कीं, दांडी तसूभरही हालेना. म्हणजे सारी मेहनत आधीं करावयाची, आणि ती फुकट गेली कीं नाहीं हें मागाहून कळावयाचें!

येथें बिडाचा स्वभाव सांगितला पाहिजे. बीड दाबाला फार चिवट; त्यावर मोठा भार ठेवला तरी तें कुरकुरत नाहीं. पण ताण किंवा धक्का त्यास सोसत नाहीं. हातोडीचा एक जोराचा घाव बसला कीं कांचेप्रमाणें तडा. म्हणून अडकलेल्या बिडाशीं बळ चालत नाहीं, धीर चालतो. आम्हीं घासलेटांत थोडें इंजिनचें तेल मिसळून तें सांध्यांत रोज सकाळ-संध्याकाळ सोडलें. चौथ्या दिवशीं डोकें बाहेरून मंद आंचेनें शेकलें, म्हणजे तें किंचित् फुगावें आणि आंतील नळकांडें सुटें व्हावें. लांकडी मोगरीनें हलके ठोके दिले. कांहीं झालें नाहीं. पुन्हा तेल, पुन्हा शेक. सहाव्या दिवशीं आमची कन्या शाळेंतून आली ती थेट दांडीपाशीं गेली, आणि दांडी तिच्या हातांत एक बोटभर खालीं आली. त्या वेळीं घरांत जो आरडाओरडा झाला त्याची तक्रार शेजाऱ्यांनीं केली नाहीं, हा त्यांचा चांगुलपणा.

काकांनीं स्वतःचें मोजण्याचें घड्याळ आणलें. याचा कांटा मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवितो. स्पिंडलच्या तोंडाशीं आंत निमुळतें होत जाणारें एक भोंक असतें. २० मिलिमीटर लांबीस व्यास सुमारें १ मिलिमीटरनें कमी होत जातो. एवढ्या थोड्या उतारामुळें आंत ठोकलेला दांडा स्क्रूवांचून घट्ट बसून राहतो, आणि काढतांना वरच्या फटींतून पाचर मारावी लागते. या मापास मोर्स यांचें नांव आहे. पिळाचें ड्रिल बनविण्याचा हक्क १८६३ सालीं ज्यांनीं अमेरिकेंत नोंदविला तेच हे स्टीफन मोर्स. त्या निमुळत्या भोंकांत घड्याळाचा कांटा टेकवून काकांनीं स्पिंडल हातानें हळू फिरविला. आम्ही सर्वजण कांट्याकडे पाहत होतों. तो तीन घरें गेला व परत आला. म्हणजे तीन शतांश मिलिमीटर! स्पिंडल सरळ होता. चक मात्र झिजून पार गेला होता. तो नवा आणावा लागला.

पुढचें काम कष्टाचें पण निश्चिंत मनाचें होतें. दोन्ही बेअरिंग बदललीं. त्यांच्या कडेवर ६२०३ हा आंकडा कोरलेला होता. त्यांतील शेवटचे ०३ म्हणजे आंतील भोंक १७ मिलिमीटर. ०४ असतें तर २०. हे आंकडे जगभर एकच असल्यामुळें जुन्या यंत्राचें बेअरिंग आज कोणत्याही दुकानीं मिळतें, आणि जुनीं यंत्रें जगतात तीं पुष्कळशीं या एकमतामुळेंच. टेबलावर बेफिकीर हातांनीं पाडलेल्या अर्धवट भोंकांचे खड्डे होते. ते बुजविण्याचें आम्हीं टाळलें.

रंग खरवडतांना डोक्याच्या डाव्या बाजूस तीन थरांखालीं ठिपके दिसूं लागले. कोणा कामगारानें सेंटर पंचनें एकेक ठिपका ठोकून आंकडे काढले होते: ३–४, ६–३, १०–२, १३–१. थोडा वेळ अर्थ लागेना. मग पुली मोजल्या. मोटरीवर आणि स्पिंडलवर ५०, ७५, १०० व १२५ मिलिमीटरच्या चार-चार पायऱ्या, एकीच्या उलट दुसरी. म्हणजे समोरासमोरच्या जोडीची बेरीज प्रत्येक वेळीं १७५, आणि एकच पट्टा सर्वांस पुरतो. मोटर मिनिटास १,४४० फेरे घेते. तेव्हां पहिल्या पायरीवर स्पिंडलचे फेरे ५७६, दुसरीवर १,०८०, तिसरीवर १,९२० आणि चवथीवर ३,६००. ठिपक्यांचा अर्थ उघड झाला: किती मिलिमीटरच्या ड्रिलास कोणती पायरी. मऊ पोलादास मिनिटाला सुमारें ३० मीटर वेग पुस्तकांत सांगतात. १० मिलिमीटरचें ड्रिल दुसऱ्या पायरीवर लावून आम्हीं हिशेब केला तो ३४ आला. १३ ला त्यानें मुद्दाम मंद पायरी धरली होती. हा मनुष्य कोण, कोठला, किती शिकलेला? त्याचें वेतन काय असेल? यंत्रानें एवढेंच जपून ठेविलें होतें. तेवढा चौकोन सोडून आम्हीं बाकीच्या डोक्यास हिरवा रंग दिला.

हातकामाला कमी लेखण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. तिच्यापुढें नाशिकच्या शरणपूरचें उदाहरण ठेवावेंसें वाटतें. गुलामगिरींतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस तेथें चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयानें अक्षरांबरोबर सुतारकाम व लोहारकामही शिकवीत. नाशिकांत शिकलेला जेकब वेनराइट १८७३ सालीं डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या सोबतीस होता. ते वारले तेव्हां उत्तरक्रियेची प्रार्थना त्यानें वाचली, आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचें नांवही त्यानेंच कोरलें. वाचणें आणि कोरणें या दोन्ही गोष्टी एकाच माणसास येत होत्या.

मोटर अर्ध्या अश्वशक्तीची. तिच्या तारांवरचें आवरण बोट लावतांच गळूं लागलें, म्हणून ती वाइंडिंग करणाऱ्याकडे दिली आणि यंत्रास जमिनीची तार नव्यानें जोडली. पट्ट्यावरचें झांकण नसल्यानें मोटर परत आली तरी आम्हीं चार दिवस यंत्र सुरू होऊं दिलें नाहीं. मुलें रुसलीं, पत्र्याचें झांकण तयार होईपर्यंत रुसूं दिलीं. हें यंत्र दिसावयास गरीब पण बोटांचा वैरी आहे. हातमोजे घालून त्याजवळ जाऊं नये, कारण मोजा पकडला गेला कीं हात मागून जातो. वेणी बांधून टोपींत घालावी. चकची किल्ली क्षणभरही चकांत विसरूं नये. आणि लोखंडाचा तुकडा हातांत धरून भोंक पाडूं नये, शिकंजांत आवळावा. कन्येनें हे नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले आहेत आणि आम्ही त्यांतून सुटत नाहीं.

पहिलें खरें काम गांवांतल्याच एका द्राक्ष-बागायतदाराचें निघालें. औषध फवारण्याच्या पंपाची पट्टी तुटली होती. डावणी पडण्याचे दिवस, ढग आलेले, आणि फवारणी उद्यांवर टाकण्याजोगी नव्हती. ६ मिलिमीटर जाडीच्या पट्टींत १० मिलिमीटरचीं चार भोंकें हवीं होतीं. पट्टा दुसऱ्या पायरीवर घातला, पट्टी आवळली, तेलाचे दोन थेंब सोडले. पहिल्या भोंकांतून लोखंडाचे दोन लांब पीळ अखंड वर आले. चारही भोंकांत बोल्ट हातानें बसले. ते गृहस्थ पैसे विचारूं लागले, तेव्हां कन्येनें त्यांस रजिस्टरांत फक्त तारीख लिहावयास सांगितलें.

दांडी वर नेणारी स्प्रिंग अजून ढिली आहे. ती नवी वळविण्यासाठीं काकांस दिली आहे.