कांद्याच्या माळेतला हिशोब

एप्रिलची सकाळ. साडेनऊलाच ऊन डोक्यावर. अलिबाग-वडखळ रस्त्यावरच्या कांद्याच्या मांडवात बीएमएसची पाच मुलं, आणि सर मुद्दाम लांब, झाडाखाली. फळ्यावर मागणी-पुरवठ्याची आकृती निघाली की यांतली निम्मी मोबाइलमध्ये शिरतात.

आज मांडवातल्या मावशींनीच त्यांना कामाला लावलं. वाळलेल्या पाती वेणीसारख्या गुंफून कांद्यांची माळ करायची. एका मुलीची माळ उचलताच सुटली. "अगं, आवळ जरा! गिऱ्हाईक माळ हातात घेऊनच बघतं."

मग प्रश्नांची सरबत्ती. गुंफण्याची मजुरी भावात धरता का? बाहेरचा पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून खपवला, तर ओळखायचा कसा? भातानंतर कार्ले, खंडाळे भागात पिकणाऱ्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे एकाने मोबाइलवरच शोधलं. 'ब्रँड' हा शब्द तोवर कुणी उच्चारलाही नव्हता.

खऱ्या धंद्यातून शिकवायची ही पद्धत तशी जुनीच. अहमदाबादचं आयआयएम १९६१ मध्ये सुरू झालं, तेव्हा खऱ्या धंद्याचं प्रकरण वर्गात मांडून वाद घालायची रीत हार्वर्डकडून आली. पुढे हार्वर्डनेच मुंबईच्या डबेवाल्यांवर असं प्रकरण लिहिलं. इथे प्रकरण छापील नाही, समोर बसून तराजू धरतंय, एवढाच फरक.

परतीच्या एसटीत दोघं भांडतच होती: मावशींचा स्वतःचा वेळ खर्चात धरायचा की नाही? सरांनी डायरीत तेवढंच टिपलं. खाली लिहिलं: 'सोमवार, मांडवा जेटी. रो-रोचं तिकीट.'