टकळी, सुया आणि माग

आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. पितळी चकतीची टकळी, वर आकडा आणि डाव्या हातात पेळू. उजव्या हाताने गिरकी देऊन पेळू हळूहळू मागे ओढायचा. तार निघायची, तुटायची, पुन्हा पेळूला चिकटवायची. बाईंना हिशेब चोख लागे: चार फुटांची एक तार, 160 तारांची लट, चार लटींची म्हणजे 640 तारांची गुंडी. एरवी गणितात कच्च्या असलेल्या मुलीही हा हिशेब झोपेत सांगत.

पुढे मावशीने सुया हातात दिल्या. तिच्या लेखी कापूस समईच्या वातींसाठी, विणायचं ते लोकरीचं! मग लोकलच्या प्रवासात दोन सुलट, दोन उलट सुरू झालं. पेटीचरखा बऱ्याच उशिरा आला. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याला आकार दिला म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. झाकण लावलं की दप्तरासारखा उचलावा.

त्यावरचं एकपदरी सूत मी हौसेने सुयांवर घेतलं आणि चौकोन विणायला बसले. तो तिरका होत गेला, पतंग म्हणून उडवावा इतका. सुताचा पीळ सुटायला बघतो आणि विणीतले सैल टाके त्याच्या ओढीने एकीकडे कलतात. दोन पदर एकत्र घेऊन उलटा पीळ दिला की सूत शांत होतं. मागावर मात्र तेच एकपदरी सूत निमूट राहतं, कारण ताण्याला ओढ असते आणि बाणा त्याला आडवा धरून ठेवतो. फक्त फणीच्या घासणीने ताणा तुटू नये म्हणून आधी त्याला खळ लावायची.

आता घरात टेबलावर मावेल असा मागही आहे. साहजिकच तिन्ही कामं अर्धवट. “एक तरी पुरं कर,” असं घरचे म्हणतात. त्यांना कसं सांगावं, ताणा भरताना कुणी हाक मारलेली चालत नाही, आणि मोजे विणताना कुणी बोलायला नसलं तर करमत नाही. शिवाय ऋतूंचंही बघावं लागतं. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी सूत तटातट तुटतं, म्हणून कताई सकाळीच. एप्रिलात लोकर तर मांडीवरही नको वाटते.

परवा नणंदेने विचारलं, “वहिनी, माझा स्वेटर कधी?”

“दिवाळीनंतर,” मी म्हटलं. कुठल्या, ते तिने विचारलं नाही.