मामाची फजिती

टेक्सास व लुइझियाना या संस्थानांच्या सीमेवर कॅडो नांवाचें सरोवर आहे. सायप्रस वृक्ष तेथें पाण्यांतच उभे असून त्यांच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. गेल्या एप्रिलांत माझ्या भाच्यास बास नांवाचा हिरवट, मोठ्या तोंडाचा मासा धरण्यास शिकवावें म्हणून मीं त्याला तेथें नेलें. दोघांच्या कयाक निराळ्या होत्या. इन्युइट लोकांची ही अरुंद नाव मूळची कातड्याची, आमच्या प्लास्टिकच्या.

"मामा, तुमचें जाकीट?" निघतांना त्यानें विचारलें. त्याचें तरण्याचें जाकीट मीं नीट बांधून दिलें होतें. माझें मागें दोरीखालीं खोंचलेलें होतें. "मला कधीं लागलें नाहीं," मीं ऐटीनें म्हणालों.

मग व्याख्यान सुरू झालें. बास मुळांच्या आडोशास दबा धरून बसतो. वसंतांत नर घरट्याची राखण करितो. रबरी आमिष सावकाश ओढावें. मासा लागतां उभें राहूं नये.

मासा लागला तो माझ्याच गळाला. मी अर्धवट उठलों, आणि नाव पालथी झाली! पाणी फार खोल नव्हतें, पण तळाचा चिखल पाय सोडीना. दोनदां तोंडांत पाणी गेलें. भाचा ओरडला नाहीं, उठलाही नाहीं. वल्हें मारीत जवळ आला व म्हणाला, "टोक धरा मामा, वर चढूं नका." सकाळीं मींच त्याला हें सांगितलें होतें.

पुढें मीं जाकीट घातलें व गप्प बसलों. दुपारीं त्याला वीतभर बास मिळाला. हात ओले करून त्यानें तो अलगद सोडून दिला.

घरीं त्यानें आईला माशाचीच हकीकत सांगितली. माझी सांगितली नाहीं. ती मीं येथें लिहिली आहे.