खर्जाची बाजू

पॉप संगीताचा इतिहास बहुतेक ठिकाणी चेहऱ्यांवरून सांगितला जातो. आधी एल्विस, मग बीटल्स, मग मायकल जॅक्सन आणि मॅडोना. गाणारा माणूस दिसतो, त्याचे केस आणि कपडे दिसतात, भिंतीवर पोस्टर लागतं ते त्याचंच. मी बेस गिटार वाजवतो. मंचावर माझी जागा ड्रमरच्या शेजारी, जरा मागे असते, आणि तिथून मला हा इतिहास वेगळ्या क्रमाने ऐकू येतो. गेल्या सत्तर वर्षांतली मोठी वळणं माझ्या कानाला आधी खर्जात आलेली जाणवतात. चेहरे त्यानंतर बदलले.

कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी हमखास विचारतं, ही चारच तारांची गिटार कशासाठी? तिची सगळ्यांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. एवढा खालचा सूर श्रोत्याला सूर म्हणून वेगळा ओळखू येत नाही, पण वरच्या प्रत्येक सुराचा अर्थ तो ठरवतो. समजा, गायिका पंचमावर स्थिर आहे. खाली मी षड्ज धरला तर तो पंचम निवांत वाटतो. मी कोमल गंधारावर गेलो तर तोच पंचम उजळतो, आणि कोमल धैवतावर गेलो तर हळवा होतो. गायिकेने काहीच बदललेलं नसतं. ऐकणारे तिला दाद देतात, आणि ती योग्यच असते, कारण सूर तिने धरून ठेवलेला असतो.

दुसरं काम ठेक्याचं. ड्रम्सच्या संचातला पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि बेस यांनी एका श्वासात बोलायचं असतं. आपल्याकडे मात्र हा खर्ज आधीपासून कोणाच्या तरी मालकीचा होता: तबल्याच्या डग्ग्याच्या, ढोलकीच्या धूम बाजूच्या. त्यामुळे मराठी-हिंदी गाण्यांत बेस वाजवणाऱ्याला एक जादा शहाणपण लागतं. डग्ग्याचा घिस्सा चालू असताना मी लांब सूर धरला तर दोघांचाही आवाज गढूळ होतो. तिथे हात तारेवर ठेवून तार दाबून टाकायची आणि डग्ग्याला बोलू द्यायचं. मला हे शिकवलं ते मुंबईच्या चित्रपटसंगीतात डबल बेस वाजवलेल्या एका वयस्कर गोवेकराने. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकून मुंबईला आलेल्या वादकांची एक मोठी पिढी होती. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही त्यातली गाजलेली नावं. माझे गुरुजी गाजले नाहीत. सूर कुठे वाजवायचा नाही, हे ते आधी सांगत. कुठे वाजवायचा, ते नंतर.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काळात खर्ज जवळपास नव्हताच. १९२५च्या आधी वादक एका कर्ण्यासमोर गोळा होऊन वाजवत आणि त्या कर्ण्याला डबल बेसचा मऊ आवाज पकडता येत नसे. म्हणून पुष्कळदा त्याच्या जागी ट्युबा वाजवत. मायक्रोफोन आला आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. गायकाला ओरडायची गरज उरली नाही, बिंग क्रॉस्बीसारखा माणूस कानाशी बोलल्यासारखा गाऊ लागला. आणि तळाचे सूर हळूहळू तबकडीवर उमटू लागले. तरी मंचावरची अडचण कायम होती. १९५४ साली मेम्फिसमध्ये एल्विसच्या पहिल्या रेकॉर्डवर बिल ब्लॅक डबल बेस वाजवतो. तो तारा ओढून बोटपट्टीवर आपटतो, त्यामुळे ऐकू येतो तो सुरापेक्षा जास्त ठोका. माणसाच्या उंचीचं ते वाद्य गाडीच्या टपावर बांधून गावोगाव न्यायचं आणि इलेक्ट्रिक गिटारपुढे कोणाला ऐकूही जायचं नाही, अशी त्या बिचाऱ्या वादकांची अवस्था होती.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये यावर उपाय काढला. गिटारसारखं गळ्यात अडकवायचं, पडदे असलेलं, विजेवर चालणारं बेस. पडदे असल्यामुळे बोट नेमक्या सुरावरच पडणार, म्हणून नाव प्रिसिजन. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आज माझ्या हातात जे वाद्य आहे त्याची लांबी, तारांचं अंतर, खुंट्यांची मांडणी त्याच्या आराखड्यापासून फारशी हललेली नाही.

वाद्य आलं, पण त्यातून काय काढायचं हे कळायला जवळजवळ दहा वर्षं गेली, आणि ते दाखवणारा माणूस माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या संगीतकारांपैकी एक आहे. जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलायना. पुढे आईबरोबर डेट्रॉइटला. तिथे बेरी गॉर्डीने वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका घरात मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. त्या घरातल्या छोट्या स्टुडिओला वादक ‘सापांचा खड्डा’ म्हणत, कारण सगळीकडे वायरी लोंबत असत. साठच्या दशकात सुप्रीम्स, टेम्पटेशन्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर, मार्विन गे यांची गाणी त्या खोलीतून बाहेर पडली आणि त्यांतल्या बहुतेक गाण्यांच्या तळाशी हा एक माणूस आहे.

जेमरसन मुळात डबल बेसवर जॅझ वाजवणारा. फेंडर हातात घेतल्यावरही त्याने उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरली. तारा जाड आणि गुळगुळीत गुंडाळीच्या. तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. घोडीपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा, म्हणून सूर गुबगुबीत आणि आखूड. वाजवायचं ते बहुधा ॲम्प्लिफायरशिवाय, वायर सरळ कन्सोलकडे. साधनं एवढीच. त्याच्याआधीचे पॉपमधले बेसवादक बहुधा कॉर्डचा मूळ सूर आणि त्याचा पंचम यांच्यातच येरझारा घालत. जेमरसन पहिल्या मात्रेला मूळ सूर देतो, आणि मग पुढच्या समेपर्यंत तो कुठे जाईल याचा नेम नाही. मधल्या सुरांवरून घसरत येतो, मोकळी तार मध्येच छेडतो, अपेक्षित मात्रा गिळतो, आणि पुढची सम जराही न सांडता हजर. आपल्या तबलजींनी तिहाईच्या आधी जो तणाव निर्माण करावा, तो हा माणूस तीन मिनिटांच्या प्रेमगीतात, गायकाच्या वाटेत अजिबात न येता निर्माण करतो.

फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ आणि स्टीव्ही वंडरचं ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’, दोन्ही १९६७ची. ही दोन गाणी मी अजून रियाजात वाजवतो. सूर बसतात. सुरांमधली हवा बसत नाही. त्याचा आखूड सूर जिथे संपतो तिथे ड्रमचा ठोका सुरू होतो, आणि ही जागा कागदावर लिहिता येत नाही. कोणत्याही चांगल्या नोटेशनमध्ये सुराचा आरंभ लिहिलेला असतो. तो सूर कधी सोडायचा, ते हाताला कळावं लागतं.

मोटाउनच्या वादकांची नावं रेकॉर्डवर नसत. १९७१ मध्ये मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला, तेव्हा मोटाउनच्या वेष्टनावर पहिल्यांदा वादकांची यादी छापली गेली. जेमरसनच्या नावाआधी एक गौरवाचं विशेषणही होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने बाडबिस्तरा लॉस एंजलिसला हलवला. जेमरसन मागोमाग गेला, पण तिथलं संगीत आणि कामाची पद्धत त्याला मानवली नाही. दारूने घात केला. १९८३च्या ऑगस्टमध्ये ४७व्या वर्षी तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं २००० साली.

साठच्या दशकात इंग्लंडमध्ये बसून बीटल्सचा पॉल मॅकार्टनी मोटाउनची ही गाणी ऐकत होता. जेमरसनचं ऋण त्याने अनेकदा मान्य केलं आहे. बीटल्सना अडचण वेगळी होती. तबकडीवर खर्ज फार जोरात कोरला तर सुई खाचेतून उडेल, या भीतीने त्यांच्या इएमआय या रेकॉर्ड कंपनीचे तंत्रज्ञ बेस खाली दाबत. १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या वेळी जेफ एमरिक या तरुण इंजिनिअरने एक मोठा लाउडस्पीकर उलटा वापरला, म्हणजे त्यालाच मायक्रोफोन बनवून बेसच्या ॲम्प्लिफायरसमोर ठेवला. त्यानंतरच्या काळात मॅकार्टनी पुष्कळदा बेस सर्वांत शेवटी, बाकी गाणं तयार झाल्यावर, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवू लागला. सगळं गाणं समोर असल्यावर खर्जाला स्वतःची चाल बांधता येते. आज आम्ही सगळे असंच काम करतो. त्यात मिळतं ते स्वातंत्र्य. जातं ते ड्रमरच्या डोळ्यांत बघून वाजवणं. मला अजूनही शक्य असेल तिथे ड्रमरबरोबर एकत्र मुद्रण हवं असतं, आणि निर्मात्याशी मी त्यासाठी वाद घालतो.

सुईची भीती पूर्ण गेली ती न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये. सत्तरच्या दशकाच्या मध्याला टॉम मोल्टनसारख्या माणसांनी एकच गाणं बारा इंची तबकडीवर पसरून कोरायला सुरुवात केली. खाचा रुंद झाल्या, खर्जाला जागा मिळाली, गाणं लांबलं. १९७९ मध्ये शिक या बँडचं ‘गुड टाइम्स’ आलं. बर्नार्ड एडवर्ड्सची त्यातली बेसची ओळ इतकी स्वयंपूर्ण आहे की तिच्यावर काहीही उभं राहतं. त्याच वर्षी शुगरहिल गँगने तीच ओळ घेऊन ‘रॅपर्स डिलाइट’ केलं आणि रॅप पहिल्यांदा घरोघरी पोहोचलं. पुढच्या वर्षी क्वीनच्या जॉन डीकनने तिच्याच वळणावर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बांधलं. म्हणजे गाणं बाजूला ठेवून लोक आता नुसती बेसची ओळ उचलू लागले होते.

मग यंत्रं आली. जपानच्या रोलँड कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची एक चंदेरी पेटी काढली. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला साथ मिळावी, हा हेतू. ती खऱ्या बेससारखी वाजेना, म्हणून खपली नाही आणि १९८४ मध्ये बंद झाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले एक वादक चरणजित सिंग यांनी मात्र ती विकत घेतली होती. १९८२ मध्ये त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. पाश्चात्त्यांना ती खेळणं वाटली असेल, पण रागसंगीत कानात असलेल्या माणसाला तिथे मींड सापडली. तबकडी तेव्हा चालली नाही. पाच वर्षांनी शिकागोत फ्युचर या गटाने तशीच एक सेकंडहँड पेटी वापरून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि ॲसिड हाउस नावाचा प्रवाह सुरू झाला. चरणजित सिंगांची तबकडी २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा ती ऐकणारे चक्रावले. ते २०१५ मध्ये मुंबईत वारले. आमच्या शहरात बसून एका सेशनवाल्याने हे केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

८०८चा परिणाम त्याहून खोल. त्याचा मोठा ड्रम ताणला की ठोका न राहता लांब गुंजणारा खर्ज होतो, आणि हिप-हॉपने त्यालाच बेस केलं. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’नंतर अकरा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच मार्विन गेने ‘सेक्शुअल हीलिंग’ केलं. त्याचा ताल ८०८चा आहे. प्रिन्सने १९८४ मध्ये ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधून बेस पूर्ण काढून टाकला आणि ते अमेरिकेत त्या वर्षीचं सर्वांत मोठं गाणं ठरलं. बेसवादक म्हणून मला ते गाणं अतिशय आवडतं. तळ काढून घेतल्यावर आवाज कसा अधांतरी होतो, हे त्याच्याइतकं स्पष्ट कोणी ऐकवलं नाही.

आज बहुसंख्य लोक गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. तो नखाएवढा स्पीकर माझी खालची तार वाजवूच शकत नाही. पण कानाची एक करामत आहे: मूळ सूर नसला तरी त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं ऐकू आली की मेंदू मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून मिक्सच्या वेळी आम्ही बेस मुद्दाम थोडा फाडतो, त्यातले वरचे स्वरांश उठवतो. शुद्ध, मऊ खर्ज हेडफोनवर छान वाटतो आणि फोनवर नाहीसा होतो. जेमरसनचा सूर छोट्या रेडिओवर पोहोचत असे तो मुख्यतः या वरच्या स्वरांशांच्या जिवावर.

याचं दुसरं टोक मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती. छातीत धडका बसतात, काचा थरथरतात, आणि लोक म्हणतात काय बेस आहे! तिथे एकच सूर बडवला जात असतो. ओळ नसते, सोडलेली मात्रा नसते. कानाचं नुकसान होतं ते वेगळंच. हा खर्जाचा सन्मान आहे असं मला कधीही वाटलं नाही.

मराठीत सध्या उत्तम गाणी होत आहेत आणि पुष्कळ ठिकाणी खरे वादक वाजवत आहेत. पण मोबाइलवर गाणं उघडलं की गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी इथे यादी बहुधा थांबते. मोटाउनने १९७१ मध्ये जे केलं ते निर्मात्यांनी आता तरी करावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. ढोलकी कोणाची, बासरी कोणाची, बेस कोणाचं, हे गाण्यासोबत लिहा. ही नावं शोधायला कुठे जावं लागत नाही. सेशनच्या दिवशी मानधनाच्या कागदावर ती सहीसकट लिहिलेली असतात.