आजीचा हात

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी कच्चं, तेव्हा चुका पोटात घाला! संक्रांतीला प्रवरेकाठी बेलापूरला आजीकडे गेले होते. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (1913) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपली होती, हे वाचलं होतं. म्हटलं, आपणही करून बघू.

पाटावर मटार मांडले, मोबाईल डब्याला टेकवला. दाणा जरासा सरकवायचा, हात काढायचा, फोटो घ्यायचा. सेकंदाला बारा, म्हणजे दहा सेकंदांना एकशेवीस फोटो! मी कंटाळले. मग आजीच दाणे सरकवू लागली. “भाजीपुरते ठेव गं,” असं मधेमधे चालूच.

रात्री लॅपटॉपवर फोटो जोडले आणि दाणे चक्क चालू लागले! पण एका फ्रेममध्ये आजीचा हात राहिला होता. मी डिलीट करणार, तेवढ्यात ती म्हणाली, “माझा हात होता ना तो? परत दाखव.” फोटो म्हटलं की पदर तोंडावर घेणारी माझी आजी!

पावसाळ्यात आजी गेली. आता तिथे आलं की मी व्हिडिओ थांबवते. मित्रांनो, एडिटिंग करताना सगळ्याच चुका कापू नका.