परत न आलेली कनेक्शन्स

सोमवारी रात्री साडेअकराला फोन आला तेव्हा मी प्रभादेवी स्टेशनच्या जिन्यावर होतो. आमची सिस्टीम पुन्हा बंद पडली होती, आठवड्यात तिसऱ्यांदा. तसाच मागे फिरलो. मंगळवारच्या दर्शनासाठी अनवाणी निघालेली माणसं सिद्धिविनायकाकडे चालली होती.

काम साधं होतं. ॲमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजवरच्या सीएसव्ही फायली वाचायच्या आणि हिशेब डेटाबेसमध्ये टाकायचा. पण लॉगमध्ये एकच तक्रार होती: पूलमधून कनेक्शन मिळेना, वाट पाहण्याची मुदत संपली. सीपीयू रिकामा, मेमरी भरपूर, नेटवर्क ठीक. तरी एक फाइल उघडेल तर शपथ.

आम्ही वापरत होतो त्या ॲमेझॉनच्याच जावा एसडीकेच्या पहिल्या आवृत्तीत एका क्लायंटला मुळात 50 कनेक्शन्स असतात. पहिल्या वेळी मी तो आकडा 200 केला होता. त्याने बंद पडायला जास्त वेळ लागला, एवढंच.

त्या रात्री सर्व्हर रिस्टार्ट करून आम्ही पूलचे आकडे ग्राफवर लावले. साडेतीनला फायली यायच्या थांबल्या. आता वापरातली कनेक्शन्स शून्यावर यायला हवी होती. ग्राफची रेघ 37 वर सरळ चालत राहिली. शेजारी बसलेल्या सहकारी मैत्रिणीने रिस्टार्टनंतर नाकारलेल्या फायली मोजल्या. बरोबर 37.

मग सगळं उलगडलं. फाइल शेवटपर्यंत वाचली की कनेक्शन आपोआप पूलमध्ये परततं. पण पहिल्याच ओळीत कॉलमची नावं चुकली असतील, तर आमचा कोड तिथूनच बाहेर पडत होता आणि उघडलेला स्ट्रीम कोणीच बंद करत नव्हतं. प्रत्येक चुकीची फाइल एक कनेक्शन अडकवून ठेवत होती.

जावामध्ये 2011 पासून असलेल्या ट्राय-विथ-रिसोर्सेसने स्ट्रीम बंद होण्याची हमी मिळाली. पण अर्धवट वाचून बंद केलं की एसडीके ते कनेक्शनच तोडतं, पुन्हा वापरता येत नाही. म्हणून तपासणीसाठी फाइलचे पहिले काही केबीच मागवायचे आणि तेवढे पूर्ण वाचायचे, असं ठरवलं. आकडा परत 50 केला.

सहा वाजता रेघ शून्यावर टेकली. घरी जाण्याआधी मी एक टेस्ट लिहिली: मुद्दाम बिघडवलेल्या 60 फायली द्यायच्या आणि शेवटी एकही कनेक्शन अडकलेलं नसावं. ती पास झाल्याशिवाय आता आमचा कोड पुढे जात नाही.